अळ्यांची दृष्ट

११ ऑगस्ट, सोमवार

अंडी फुटली! सकाळी वर्ग उघडला तर कागदावर कोणी काळे केस बारीक कापून टाकल्यासारखं दिसलं. वाकून पाहिलं तर एकेक केस वळवळत होता. वर्गात मी एकटीच होते म्हणून निभावलं, नाहीतर दुसरीच्या वर्गाची ताई टाळ्या पिटत नाचताना कोणाला तरी दिसली असती.

अजेयचे उपकार मानायला हवेत. माझा हा आतेभाऊ धारला रेशीम विभागात आहे. अंड्यांचा कागद त्यानेच आणून दिला आणि वर बजावलं, "मेधाताई, पोरांचा खेळ नाहीये हा." म्हटलं, खेळ कोण म्हणतंय? आमच्या शाळेत 'कीटक' हा धडा म्हणजे आजवर फळ्यावर झुरळ काढायचं, पाय मोजायचे आणि पुसून टाकायचं. शाळेमागे तुतीचं झाड वर्षानुवर्षं उभं आहे, पोरं फळं खाऊन गणवेश रंगवून घेतात, पण रेशमाचे किडे पाळावेत हे कोणाला सुचलं नाही. मला सुचलं.

कुसुमावतीबाई दिवाळीनंतर मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होणार. त्यांच्या खुर्चीवर कोण, हे मराठी समाजाचं मंडळ ठरवणार. आणि दिवाळीआधीच्या प्रदर्शनात माझा वर्ग कोषापासून धागा काढून दाखवणार. या तीन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे. तो मी इथे लिहिते, बाहेर बोलत नाही.

पोरं वेडी झाली. "ताई, इल्ली! हमारी वाली कौन सी?" देवासच्या या मराठी शाळेत मराठी बाहेरच्या पाटीवर तेवढं उरलंय.

१४ ऑगस्ट, गुरुवार

अळ्यांचं बारसं केलं. पोरागणिक एक अळी वाटून दिली, कानात कुर्रर्र केलं, गूळ-खोबरं वाटलं. विहंगने आपलीचं नाव 'बुलेट' ठेवलं. मयुरेशची 'भिया', इकडे भावाला म्हणतात तसं. वैभवीने फार विचार करून 'चिऊ' म्हटलं. मी म्हटलं, "अगं, चिऊ तर अळ्या खाते!" वर्ग खो खो हसला. तिचे कान लाल झाले, पण नाव तिने बदललं नाही.

ही वैभवी म्हणजे इंदूची मुलगी. इंदू साडीच्या दुकानात फॉल-पिको करते, नवरा लोडिंग रिक्षा चालवतो. त्यांचे पूर्वज दरबाराच्या चाकरीला म्हणून इकडे आले, आमचे पणजोबा त्याच दरबारात कारभारी होते. हे मनात येऊ नये खरं, पण येतं.

आईने डेंग्यूची धास्ती घेतली आहे. गल्लीत दोघांना झाला म्हणे. सकाळी हातापायांना डासांचं मलम चोपडल्याशिवाय मला उंबरा ओलांडू देत नाही. दिवसभर अंगाला तो उग्र वास येतो.

१८ ऑगस्ट, सोमवार

अळ्या आज निपचित. मान वर करून बसल्यात, पानाला तोंड लावत नाहीत. अजेयने आधीच सांगितलं होतं, म्हणून घाबरले नाही. ही त्यांची झोप. झोपेत जुनी कातडी सुटते, मग उठून दुप्पट खातात. वर्गाला ओठांवर बोट ठेवून समजावलं. सगळे इतके चिडीचूप बसले की बाहेरचा भाजीवाला ऐकू आला. असा वर्ग मी आजवर पाहिला नव्हता. मला भरून आलं.

गैरहजर: वैभवी. ताप आहे म्हणे.

२० ऑगस्ट, बुधवार

काही उठल्या, काही अजून झोपेत. वैभवी आली, चेहरा उतरलेला. मधल्या सुट्टीत अळ्यांच्या टोपलीपाशी उभी होती. "ताई, चिऊ बीमार आहे का? खात नाहीये." मी हजेरीत गुंतले होते. म्हटलं, जागेवर बस.

२१ ऑगस्ट, गुरुवार

मंडळाच्या ग्रुपवर टाकायला व्हिडिओ केला. एकेक अळी तळहातावर घेऊन नाव सांगितलं: ही बुलेट, हा भिया. तासभर चाललं, कारण विहंगला दर वेळी मध्ये तोंड घालायचं होतं. पावसाने आवारात पाणी साचलंय, डासांचा नुसता उच्छाद. पर्समधलं मलम काढून मी दोनदा लावलं, तरी हातावर गांधी उठल्याच.

व्हिडिओ छान झाला. अध्यक्षांनी स्वतः अंगठा पाठवला.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

संपलं सगळं.

टोपलीत एकही जिवंत नाही. अंगं आखडलेली, तोंडातून हिरवं पाणी. मी वर्गाचं दार लावून घेतलं आणि खुर्चीवर बसून रडले. मग प्रार्थनेची घंटा झाली आणि पोरं आत आली. विहंगने बुलेटला बोटाने ढकलून पाहिलं आणि जो टाहो फोडला, तो शेजारच्या वर्गाला ऐकू गेला. त्याच्यामागे सगळे. कुसुमावतीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय गं मेधा, हेच दाखवणार होतीस का प्रदर्शनात?" इतकंच बोलल्या आणि गेल्या. तोंडात मारल्यासारखं झालं.

टोपली साफ करताना तळाला मोहरीचे दाणे सापडले. तुतीच्या पानांत मोहरी येईल कुठून? दाणे कागदात बांधून ठेवले आहेत.

२३ ऑगस्ट, शनिवार

आजचा दिवस सविस्तर लिहायला हवा, कारण माझ्या नोकरीतला हा सर्वांत चांगला तास असेल.

फळ्यावर तीन शब्द लिहिले: निरीक्षण, पुरावा, निष्कर्ष. म्हटलं, शास्त्रज्ञ रडत बसत नाहीत, शोध लावतात. कोणी काय पाहिलं?

विहंगचा हात वर. "ताई, मैंने देखा. परसों प्रार्थना के पहले वैभवी टोपली के पास थी. हाथ ऐसे-ऐसे गोल घुमा रही थी."

"हे झालं निरीक्षण. आता पुरावा." मी कागद उघडून दाणे दाखवले. पोरं माना उंच करून बघत होती. "हे काय आहे?"

"राई!"

वैभवीला पुढे बोलावलं. ती आली आणि माझ्या टेबलाची कड धरून उभी राहिली.

"काय करत होतीस?"

"दृष्ट काढत होते."

"कोणाची?"

"चिऊची. मग सगळ्यांचीच काढली. मीठ-मोहरी घरून आणली होती."

"का?"

"खात नव्हते ना ताई. हिलत पण नव्हते. मला ताप आला तर आजीने माझी काढली, मग मी उठले."

"आणि या उठल्या का?"

तिने रिकाम्या टोपलीकडे पाहिलं. "नाही," म्हणाली.

"मग निष्कर्ष काय, मुलांनो?"

मी काही सुचवलं नाही. वर्ग आपणहून ओरडला, "वैभवी ने मार दिया!"

ती म्हणाली, "मोहरी मी बाहेर फेकली ताई. सगळी फेकली." सगळी फेकली नव्हती, ते कागदावर दिसतच होतं. मी वर्गाला समजावून सांगितलं की प्रेमाने केलेली गोष्टसुद्धा अंधश्रद्धेने केली तर जीव घेते. इतक्या लहान वयात हे कोणाला शिकायला मिळतं?

तिला दाराजवळ, चपला काढतो तिथे बसवलं. नवीन अळ्या येईपर्यंत तिथेच. तिने दप्तर उचललं आणि गेली, रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

२४ ऑगस्ट, रविवार

अजेयला फोन केला, नवी अंडी हवीत म्हणून. त्याने आधी सगळं विचारून घेतलं.

"तोंडातून हिरवं पाणी? अंग आखडलेलं? मेधाताई, काहीतरी विषारी लागलंय. फवारणीची पानं होती का?"

म्हटलं, आपल्याच झाडाची पानं, फवारतंय कोण?

"मग तंबाखूचा हात, नाहीतर डासांचं काही. कॉइल, मलम. मलमाच्या हाताने कोणी नुसतं उचललं तरी खलास होतात."

मी मोहरीचं विचारलं. तो हसत सुटला. "मोहरीने काय होतंय? फोडणी थोडीच घातली!"

नवी अंडी तो पुढच्या आठवड्यात पाठवतो म्हणाला. मी फोन ठेवला.

मी हात धुतले होते. व्हिडिओआधी धुतलेच असणार, मला सवयच आहे. आणि समजा नसतील धुतले. समजा. उद्या वर्गात उभं राहून मी सांगायचं की ताईच्या मलमाने तुमच्या अळ्या मेल्या? पोरं घरी सांगणार, घरचे मंडळात सांगणार, आणि कुसुमावतीबाई भुवई वर करणार. एवढं करून पोरांच्या हाती काय लागणार? अंधश्रद्धेचा मुद्दा तर खराच आहे ना? या वेळी मोहरीने मेल्या नसतील. म्हणून काय मोहरी ओवाळायची मोकळीक द्यायची?

आईला सांगितलं, उद्यापासून मलम नको. पूर्ण बाहीचं घालीन. तिने कारण विचारलं. म्हटलं, वास येतो.

२६ ऑगस्ट, मंगळवार

उद्या गणपती, आणि शाळा सुटायच्या वेळी इंदू दारात. कपाळावर घाम, दुकानातून तशीच आलेली.

"ताई, पोरगी घरात बोलत नाहीये. जेवायला बसली की म्हणते, माझ्या हाताचं कोणी खाणार नाही. चूक झाली तिची, मी मानते. मारा तिला. दोन लगा दो, मैं कुछ नहीं बोलूँगी. पण सगळ्यांत बसवा."

मी आयुष्यात कोणा मुलावर हात उचललेला नाही, हे मी तिला सांगितलं. थोडं ठणकावूनच सांगितलं. शिक्षा म्हणून नाही, तिला विचार करायला वेळ मिळावा म्हणून वेगळं बसवलंय. इंदूने पदराने घाम पुसला.

"तर मग कधी बसवाल?"

म्हटलं, बघू. तिला स्वतःला कळलं की.

इंदू हात जोडून गेली. वैभवी तिच्यामागे, चपला हातात घेऊन. तेवढ्यात मला वाटलं की हाक मारावी. पण हाक मारून सांगायचं काय?

५ सप्टेंबर, शुक्रवार

शिक्षकदिन, आणि आजच नवी अंडी फुटली! पोरांनी मला गुलाब दिले, मी त्यांना अळ्या दिल्या. या खेपेला नियम कडक: हात धुवून, पुसून, माझ्यासमोर. विहंगला पहारेकरी नेमलंय. फार जबाबदारीने करतो. वैभवी टोपलीच्या बाजूला आली तरी दोन्ही हात पसरून उभा राहतो.

तिला या खेपेला अळी दिली नाही, जागाही तूर्त दाराजवळचीच ठेवली. एवढी घाई कशाला?

१२ सप्टेंबर, शुक्रवार

पोरांनी तिचं नाव 'राई' पाडलंय. ती जवळून गेली की तिच्या डोक्याभोवती मूठ फिरवायची आणि थूः करून लांब फेकल्यासारखं करायचं. मयुरेश तर डोळे पांढरे करून हुबेहूब म्हातारीसारखं करतो. मी रागावले, पण रागावताना हसू आलं, आणि पोरांना ते दिसलं.

आज एक अळी मेली. एखादी मरतेच, अजेय म्हणालाच होता. पण वर्गात हलकल्लोळ. "ताई, राई ने देखा था! सुबह वो टुकुर-टुकुर देख रही थी!" मी सांगून पाहिलं की बघण्याने कोणी मरत नसतं, ही अंधश्रद्धा आहे. कोण ऐकतंय! शेवटी वर्ग शांत व्हावा म्हणून वैभवीला टोपलीकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसायला सांगितलं. लगेच शांतता झाली.

तात्पुरतंच आहे हे.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

अळ्या बोटाएवढ्या झाल्या. खातात तेव्हा कौलांवर पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. पोरं डोळे मिटून ऐकतात.

काही दिवस सकाळी उंबऱ्यावर तुतीची पानं ठेवलेली दिसत होती. स्वच्छ पुसलेली, देठ एका बाजूला करून रचलेली. आज कळलं की वैभवी सगळ्यांच्या आधी येऊन ठेवते. विहंगने ती चिमटीत धरून गटारात टाकली. पानं चांगली होती. पण मी मध्ये पडले असते तर पोरांनी त्या दिवशी अळ्यांना खाऊच घातलं नसतं, म्हणून गप्प बसले. वैभवी भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिने वळून पाहिलं नाही.

तिचं गणित सुधारलंय मात्र. भिंतीकडे बसून लक्ष विचलित होत नसावं.

१ ऑक्टोबर, बुधवार

सगळ्यांचे कोष झाले! पांढरे, थोडे पिवळसर, भुईमुगाच्या शेंगेच्या आकाराचे. कुसुमावतीबाईंनी एक हातात घेऊन गालाला लावला. "माझ्या सोवळ्याचा कद असाच मऊ होता गं," म्हणाल्या. त्या माझ्याशी इतकं गोड बोलल्याला युग लोटलं असेल.

मग मी वर्गाला पुढचं सांगितलं. आत अळीचा पतंग तयार होतो. पतंग बाहेर पडताना कोषाला भोक पाडतो आणि सलग धाग्याचे तुकडे होतात. म्हणून पतंग निघायच्या आत कोष उकळत्या पाण्यात टाकायचे.

"फिर अंदर वाला?" मयुरेशने विचारलं.

मी म्हटलं, त्याला कळत नाही, तो झोपलेला असतो.

"पर मरेगा ना?"

वर्गाने रडून आकाश पाताळ एक केलं. विहंग कोषांची टोपली पोटाशी धरून बसला, सोडेचना. एवढे दिवस हीच पोरं एका मुलीला खुनी म्हणत होती, तर आता मी खुनी झाले. पोरांचा राग आला. कोषांचा धागा करायचा हे पहिल्या दिवसापासून सांगत होते मी. तेव्हा कोणाच्या कानावर गेलं नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

परवा प्रदर्शन, आणि कोष पाण्यात टाकायला एकही पोर तयार नाही. सगळ्यांना विचारलं, गोळ्या देऊ केल्या, ओरडून पाहिलं. मी स्वतः टाकले असते, पण मंडळाला पोरांनी केलेलं बघायचंय. आणि खरं लिहायचं तर मला ते बघवणार नाही. काल स्वप्नात कोष माझ्या हातात हलत होता.

शाळा सुटल्यावर वैभवीला थांबवलं. इतक्या दिवसांनी ती माझ्याकडे तोंड करून उभी होती. वाळली आहे.

"सगळ्यांबरोबर बसायचंय ना तुला?"

मान हलली.

"शनिवारी कोष पाण्यात तू टाकायचेस. नीट केलंस तर सोमवारपासून मधल्या रांगेत."

ती विचार करू लागली. "ताई, मी पहले वाले मारले, म्हणून मला बाहेर बसवलं."

"हो."

"आणि हे मारले तर अंदर बसवणार?"

मी म्हटलं, हे मारणं नाही. हे शिकण्यासाठी आहे, सगळ्यांसमोर, ताईने सांगितलेलं. तेव्हा तू कोणाला न विचारता केलं होतंस, हा फरक आहे. बोलताना मलाच ते छान पटलं.

"आत झोपलेत ना?"

"हो."

"मध्ये उठणार नाहीत?"

"नाही."

"मग टाकते," म्हणाली. जाता जाता मागे वळून विचारलं, "मधल्या रांगेत कोणाजवळ?" म्हटलं, तू सांगशील त्याच्याजवळ.

११ ऑक्टोबर, शनिवार

झालं! अपेक्षेपेक्षा कितीतरी चांगलं झालं.

सभागृह भरलेलं. मंडळाचे अध्यक्ष पहिल्या रांगेत, शेजारी कुसुमावतीबाई. मी बाग गावच्या छापाची नवी साडी नेसले होते. अजेय धारहून धागा गुंडाळायचं चाक घेऊन आला. शेगडीवर पातेलं, पाण्याला उकळी, आणि वैभवी हातात लांब दांड्याचा झारा घेऊन स्टुलावर उभी. मी तिच्या मागे होते, भाजण्याची काही भीती नव्हती.

माझी पोरं दुसऱ्या बाजूला घोळक्याने उभी होती. काहींनी डोळे झाकले होते. विहंग मुसमुसत होता.

तिने पहिला कोष झाऱ्यावर घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने तो पाण्यात सोडला, झारा कडेला झटकला, दुसरा घेतला. मध्येच एक कोष पाण्याबाहेर उसळून कडेला चिकटला, तर तिने तो झाऱ्याने दाबून खाली नेला आणि धरून ठेवला. इंदू मागे खांबापाशी उभी होती, तिने पदर तोंडाशी धरला होता. अभिमान वाटला असणार.

अजेय माझ्या कानाशी लागला. "एवढ्याशा पोरीकडून कशाला करवतेस?"

"तिलाच करायचं होतं."

"बरं, त्या खेपेला मलमाचा हात कोणी लावला होता, कळलं का शेवटी?"

त्याचा आवाज उपजतच मोठा. वैभवीचा झारा क्षणभर थांबला, निदान मला तसं वाटलं. मी अजेयला म्हटलं, चहा घेऊन ये ना भिया, अध्यक्षांना केव्हाचा हवाय. तो गेला. झारा पुन्हा चालू लागला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

मग धागा निघाला. एक टोक हाती लागलं आणि चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं, धागा संपेचना. टाळ्यांचा कडकडाट. अध्यक्षांनी वैभवीला उचलून घेतलं. "ही खरी धीट मुलगी! नाव काय बेटा?" ती म्हणाली, "राई." सगळे हसले. मी पटकन खरं नाव सांगितलं.

कुसुमावतीबाई जाताना माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाल्या, "खुर्चीला नवी गादी करून घे, जुनी टोचते." घरी येऊन आईला मिठी मारली.

१३ ऑक्टोबर, सोमवार

शब्द पाळला. वैभवी मधल्या रांगेत. विहंगजवळ बसायचं म्हणाली. विहंग थोडा आकसून बसला, पण हू की चू केलं नाही. मूठ फिरवणं, राई म्हणणं, सगळं एका दिवसात बंद. मी नुसतं रागावून जे झालं नसतं ते असं झालं. एवढं खरं की पोरं तिच्याशी बोलताना आधी तिच्या हातांकडे बघतात.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

उद्यापासून दिवाळीची सुट्टी. आज अभ्यास नव्हता, डबा पार्टी होती.

मधल्या सुट्टीआधी मयुरेश किंचाळला. एक कोष टोपलीच्या खाचेत अडकून राहिला होता, तो कोणाच्या लक्षात आला नव्हता. त्यातून पतंग निघाला होता. पांढराशुभ्र, अंगावर लव, पंख अजून ओलसर. त्याला उडता येत नाही. टेबलावर पंख फडफडवत गोल गोल फिरत होता. सगळा वर्ग भोवती जमला. मलाही हुंदका आला, खोटं का लिहू. एवढे दिवस आम्ही सगळ्यांनी जे वाचलं, पाहिलं, ते शेवटी हे होतं. विहंग अगदी हळू म्हणाला, "कित्ती सुंदर आहे ताई." मराठीत म्हणाला.

वैभवी मधून वाट काढत पुढे आली. पोरं आपोआप बाजूला झाली. तिने आधी पतंगाकडे पाहिलंच नाही. कोष उचलला, त्याचं भोक उजेडात धरून नीट तपासलं. "ताई, याने धागा तोडला," म्हणाली. मग कोष खाली ठेवला आणि पतंगावर अंगठा दाबला. दाबून थोडा फिरवला.

तिने अंगठा वर करून मला दाखवला. त्यावर पांढरी भुकटी आणि थोडं ओलं होतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी काय म्हणते याची वाट पाहत होती.

मी "शाब्बास" म्हणाले.

का म्हणाले ते माहीत नाही. तोंडातून गेलं. ती हसली. ऑगस्टपासून ती पहिल्यांदा हसली असावी. मग विहंगने टाळी वाजवली, मयुरेशने वाजवली, मग सगळ्या वर्गाने. मी म्हटलं, हात धुवून ये. "कशाला ताई?" म्हणाली, आणि अंगठा फ्रॉकला पुसून टाकला.

मग डबे उघडले. सतरंजीवर सगळे गोल बसले आणि सरकून सरकून त्यांनी तिला मधोमध जागा करून दिली. विहंगने आपल्या डब्यातली करंजी आधी तिच्यापुढे धरली.